एका क्रियापदाचं वर्ष

इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य करून इंग्रजी भाषेचा जेवढा विस्तार केला नसेल, तेवढा माझ्या आतोबांनी डोंबिवलीच्या एका चाळीतल्या ओटीवर बसून केला, आणि तोही एका क्रियापदाच्या जोरावर. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ठाण्याच्या एका शाळेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं इंग्रजी शिकवण्यात घालवली. ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ इंग्रजही निवृत्त झाले. मग सरकारनं खालच्या वर्गांतून इंग्रजी काढून टाकलं, आणि दुकान बसलेल्या वाण्याकडे बघावं तसे चाळीतले लोक आतोबांकडे बघायला लागले. आतोबांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की पाहुणा उठून गेला आणि छत्री विसरला तर ती छत्री आता आपली झाली. इतके दिवस तिला हात लावायची चोरी होती, आता ती उघडून निवांत बघता येईल.

उघडून बघण्याची त्यांची पद्धत मात्र जगावेगळी होती. शाळेत हेडमास्तरांच्या धाकानं त्यांना नेमलेली पुस्तकं संपवावी लागत. पण घरी शिकवणीला येणाऱ्या मुलांना ते वर्षाला एकच क्रियापद शिकवीत. इंग्रजीत क्रियापदं हजारांनी आहेत आणि आयुष्य एकच आहे, तेव्हा हजार घरांच्या दारातून परतण्यापेक्षा एका घरी जेवून यावं, हा त्यांचा सिद्धान्त. त्यामुळे त्यांचे जुने विद्यार्थी त्यांना नावानं आठवत नसत, क्रियापदानं आठवत. ठाण्याच्या बाजारात कुणी टक्कल पडलेला वकील वाकून नमस्कार करी आणि आतोबा मला सांगत, "हा 'बेअर'च्या वर्षाचा. हुशार होता, पण 'सोसणे' या अर्थापाशी अडकायचा." खोपटला राहणारे एक पोस्टमास्तर 'सेट'चे होते. 'सेट' पुरं व्हायला दोन वर्षं लागली होती आणि त्यापायी पोस्टमास्तर एकदा नापासही झाले होते, पण त्यांच्या मनात किल्मिष नव्हतं. दर दसऱ्याला ते सोनं द्यायला येत आणि सोन्याबरोबर 'सेट'चा एखादा नवा सापडलेला अर्थही देऊन जात.

मी पेणहून ठाण्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि राहायला आत्याकडे आलो, त्या वर्षी 'एक्स्पांड'ची पाळी होती. मला कसलीही परीक्षा द्यायची नव्हती आणि कचेरीत लागणारं माझं इंग्रजी 'आय ॲम डायरेक्टेड टु स्टेट'च्या पुढे जात नसे. पण आतोबांच्या घरात जेवायचं तर क्रियापदाला बसावं लागे. मी ओटीच्या खांबाला टेकून बसायचो आणि शक्य तेव्हा पेंगायचो.

खरी विद्यार्थिनी होती विमल, माझी आतेबहीण, आतोबांची एकुलती एक मुलगी. आदल्या वर्षी ती मॅट्रिकला बसली होती. तोवर एस. एस. सी. म्हणायला लागले होते, पण लोकांच्या तोंडी मॅट्रिकच होतं. बाकी विषयांत चांगले गुण मिळवून ती नेमकी इंग्रजीत गेली. तिला शिकवलं होतं आतोबांनीच, आणि क्रियापद होतं 'टर्न'. विमलला शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं, आणि तिथे शिरायला मॅट्रिक पाहिजे. आतोबांचे थोरले भाऊ पनवेलला असत. ते स्वतः येऊन सांगून गेले, की पोरीला आणखी एकदा बसू द्या, पण या खेपेलाही गेली तर आमच्याकडे एका बिजवराचं स्थळ आहे, तिथे होकार कळवायचा. बिजवर विमलच्या दुप्पट वयाचा होता आणि त्याचं तांदळाचं दुकान होतं. सगळ्या जगापुढे तासन्‌तास बोलणारे आतोबा थोरल्या भावापुढे फक्त 'बरं' म्हणत. तेव्हाही ते 'बरं' म्हणाले. भाऊ गेल्यावर ते खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "विमल, बस. यंदा 'एक्स्पांड'." विमलनं माझ्याकडे पाहिलं, आत्यानं देवाकडे पाहिलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, ओटीवर आतोबांची आरामखुर्ची आणि तिच्यासमोर विमलचा पाट मांडला जाऊ लागला. पहिला महिना मराठी प्रतिशब्द शोधण्यात गेला. शास्त्राच्या पुस्तकात 'प्रसरण पावणे' असं होतं. ते आतोबांनी तिथल्या तिथे फेटाळलं, कारण देवाखेरीज कुणी पावलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. विमलनं 'फुगणे' सुचवलं. "फुगते पुरी," आतोबा म्हणाले, "नाहीतर तुझी आई. दोन्ही जरा वेळानं आपोआप खाली बसतात. एक्स्पांड झालेलं असं लगेच बसत नाही." 'पसरणे' म्हणावं, तर पसरते पथारी किंवा अफवा. 'वाढणे' म्हणावं, तर वाढतात केस आणि महागाई, त्यात आतून काही मोठं होत नाही. 'रुंदावणे' रस्त्यापुरतं ठीक. एकदा डुलकीतून जागं होत मी 'ताणणे' म्हणालो. आतोबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "ताणतात ते संपत आलेलं असतं म्हणून, मधू. एक्स्पांड होणाऱ्याला संपायची भीती नसते." शेवटी मराठीत नेमका शब्द नाही असं ठरलं आणि क्रियापद तसंच इंग्रजीत ठेवून एकेक अर्थ प्रत्यक्ष दाखवायचं आतोबांनी मनावर घेतलं.

प्रत्यक्ष दाखवण्याचे परिणाम घरादाराला भोगावे लागले. उष्णतेनं धातू एक्स्पांड होतो, हा पहिला अर्थ. त्यासाठी आत्याच्या साखरेच्या पितळी डब्याचं झाकण ठोकून घट्ट बसवण्यात आलं आणि मग त्यावर कढत पाणी ओतण्यात आलं. झाकण निघालं, पण साखरेचा पाक झाला. आठवडाभर आम्ही गुळाचा चहा प्यायलो आणि आत्या पहिल्या महिन्यात फेटाळलेल्या 'फुगणे' या अर्थानं वावरत होती. त्याच अर्थाचा दुसरा दाखला म्हणून आतोबा आम्हाला ऐन दुपारी रुळांकडे घेऊन गेले. रुळाच्या दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट ठेवतात, ती उन्हात कमी होते, ते त्यांना दाखवायचं होतं. ते ओणवे होऊन फटीत पोस्टकार्ड सरकवून बघत असताना रुळांवर देखरेख करणारा गँगमन हातोडा घेऊन धावत आला. त्याला वाटलं, म्हातारा जीव द्यायला आलाय आणि पोरं बघत उभी आहेत. आतोबांनी त्याला उन्हात उभं करून क्रियापद समजावून दिलं. शेवटी तो गँगमनच घाम पुसत म्हणाला, की काका, तुम्हाला काय करायचंय ते करा, पण मला जाऊ द्या.

दुसरा अर्थ छातीचा. आत्याची शिवणकामाची टेप घेऊन आतोबांनी चाळीतल्या सगळ्या पुरुषांच्या छात्या मोजल्या, श्वास सोडून आणि श्वास भरून. माझ्या मोजमापात फरक पडेना, तेव्हा त्यांनी टेप तपासली. मग आला संक्षेपांचा अर्थ, म्हणजे आखडलेलं पूर्ण लिहून दाखवणं. त्या दिवसांत आतोबांना संक्षेप दिसला की राहवत नसे. लग्नपत्रिकेतलं 'चि. सौ. कां.' ते शाईनं पूर्ण करून पत्रिका परत देत. स्वतःच्या पत्राची सुरुवात ते 'सा. न. वि. वि.' अशी न करता 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' अशी करीत, आणि साष्टांगातली आठ अंगं कोणती ते कंसात देत. पुढचा अर्थ म्हणजे एखादा मुद्दा फुलवून बोलणं. त्याचं प्रात्यक्षिक गणेशोत्सवात झालं. मंडळानं आतोबांना आभार मानायला उभं केलं होतं. त्यांनी वक्त्यांचे मानले, श्रोत्यांचे मानले, मग सतरंजीचे मानले आणि सतरंजी विणणाऱ्यांकडे वळले. सतरंजी गुंडाळायला आलेली मुलं सतरंजीबद्दल ऐकत तिच्यावरच बसली.

आणि गावाचा अर्थ. त्या वर्षांत डोंबिवलीत जिकडेतिकडे चाळी उठत होत्या. कालपर्यंत भात असलेल्या तुकड्यावर आज विटा पडलेल्या असत. पलीकडे कल्याणच्या छावणीत तर सिंधमधून आलेल्या माणसांचं एक अख्खं शहर होऊन बसलं होतं. लोक म्हणत, गाव केवढं एक्स्पांड होतंय. आतोबांना हा प्रयोग मान्य नव्हता. "गाव कुठे एक्स्पांड होतं," ते म्हणत. "माणसं येतात, आणि गावाला जरा सरकून बसावं लागतं." विमलला हे वाक्य आवडलं होतं. ती ते इंग्रजीत करून बघायची आणि आतोबा मान हलवत ऐकायचे. असं काही चालू असलं की मला पेंगायचं सुचत नसे. बापलेक एरवी घरात एकमेकांशी 'पाणी दे' आणि 'दिलं' याच्या पलीकडे बोलत नसत. तेव्हा तशीच रीत होती, मुलगी मोठी झाली की बाप पेपरच्या आड जाई. ओटीवर मात्र दोघांचं तासभर सुरू असायचं.

माणसाबद्दल वापरतात तो शेवटचा अर्थ मात्र आतोबांनी राखून ठेवला होता. विमल वडिलांना विचारायची, की नाना, माणूस एक्स्पांड होतो म्हणजे काय? ते म्हणायचे, "तो सगळ्यात शेवटी. घाई नको."

घाई आम्हा बाकीच्यांना होती. दिवस चालले होते आणि विमलला व्याकरण नाही, निबंध नाही, पत्र नाही, नुसतं 'एक्स्पांड'. कोपरकडचा एक म्हातारा शेतकरी आमच्याकडे भाजी घेऊन यायचा. तरुणपणी तो मिठागरात कामाला होता. पायरीवर बसून पाणी पिता पिता त्यानं एकदा पुरा धडा ऐकला आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, आमचे मिठागरान पानी पसरलं क मागं मीठ रहातं. तुमचं बोलनं पसरलं क मागं काय रहातं?" मला वाटलं, आतोबा चिडतील. पण ते विचारात पडले. प्रश्न रास्त आहे, उत्तर विचार करून देतो, असं त्यांनी त्याला सांगितलं. त्यानंतर म्हातारा भाजी तोलून झाली की उत्तराची चौकशी करी आणि आतोबा दर खेपेला मुदत वाढवून घेत.

श्रावणात कल्याणचे एक तरुण मास्तर आतोबांना भेटायला आले. हे 'होल्ड'च्या वर्षाचे. आतोबा आत पानाचा डबा आणायला गेले, आणि आतोबांचा पानाचा डबा नेहमी ओटीवरच असे हे त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. तेवढ्या वेळात मास्तर आत्याला सहज म्हणाले, की शनिवार-रविवारी दुपारी मी मॅट्रिकच्या मुलींना इंग्रजी शिकवतो आणि वर्गात एक जागा आहे. आत्याला देवच पावला. पण हे आतोबांना सांगायचं कसं? ज्या माणसानं जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्याच्या मुलीनं त्याच्याच विद्यार्थ्याकडे शिकायला जायचं, म्हणजे भर चाळीत त्याची पगडी उडवल्यासारखं. तेव्हा आत्या, विमल आणि मी अशा तिघांनी ठरवलं, की कल्याणला शिवणाचा क्लास लावलाय असं सांगायचं. शनिवारी माझी कचेरी अर्धी असायची, त्यामुळे सोबतीला मी. आत्यानं जेवताना भीत भीत विषय काढला. आतोबा म्हणाले, "शिवण? बरं."

'होल्ड'चे मास्तर स्वतः एका क्रियापदावर पोसलेले असूनही शिकवायला चोख होते. विमलचं व्याकरण रुळावर आलं, निबंध दोन पानांचा होऊ लागला. अडचण निराळीच निघाली. आतोबांना अचानक मुलीच्या शिवणाचा पुळका आला. तोवर त्यांना आपल्या सदऱ्याला किती बटणं आहेत हेही ठाऊक नसे. पहिल्यांदा त्यांनी उशीचा अभ्रा मागितला. तो आत्यानं हातानं शिवून विमलच्या नावावर खपवला. मग सदऱ्याची कॉलर उलटून लावायला दिली. विमल कॉलरकडे बघे आणि कॉलर विमलकडे. तीही आत्यानं उरकली. मग नवा लेंगा आला. लेंगा आत्याच्या आवाक्याबाहेरचा होता, तेव्हा ती पदराआड कापड लपवून स्टेशनाजवळच्या शिंप्याकडे गेली. आतोबांनी लेंगा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पोरीच्या हाताला सफाई आहे." खाई त्याला खवखवे म्हणतात तसं आम्हा तिघांचं झालं. आम्ही त्या वाक्याचे दहा अर्थ लावले आणि शेवटी म्हातारा भोळा आहे यावर समाधान मानलं.

मग एका रविवारी आतोबांनी कोटाचं कापड आणून विमलच्या पुढ्यात ठेवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मायेनं सांगितलं, की सावकाश शीव, घाई नाही, परीक्षेच्या आत झाला म्हणजे पुरे. शिंप्यानं कोट सुरेख शिवला. इतका सुरेख शिवला, की सवयीप्रमाणे मानेच्या आतल्या बाजूला त्यानं आपल्या दुकानाच्या नावाचं लेबलही लावून टाकलं. हे आत्याच्या लक्षात आलं ते आतोबांनी कोट अंगात घालून, आरशात बघून, खुंटीला टांगल्यावर. निळ्या दोऱ्यानं विणलेली ती अक्षरं ओटीवरूनही वाचता येत होती. आत्यानं मला डोळ्यांनी खूण केली. पण आतोबा त्या दिवशी खुंटीखालून हलेचनात, आणि सकाळी कोट घालूनच ठाण्याला गेले. ते परत आले तेव्हा कोटावर लेबल नव्हतं. आत्याला वाटलं, मी पहाटे उठून काढलं. मला वाटलं, आत्यानं काढलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे कौतुकानं पाहिलं आणि विषय संपला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. इंग्रजीचा पेपर देऊन विमल घरी आली तेव्हा आतोबा ओटीच्या पायरीवर उभे होते. पेपर कसा गेला असं त्यांनी विचारलंच नाही. "आलं होतं का?" एवढंच ते म्हणाले. पेपरात 'एक्स्पांड' औषधालाही नव्हतं, हे विमलनं मला वाटेतच सांगितलं होतं. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "आलं होतं, नाना." त्यांनी विचारलं, कुठला अर्थ? ती म्हणाली, झाकणाचा. "मग सोपा गेला असेल," आतोबा म्हणाले आणि चप्पल घालून फिरायला गेले. विमल आत जाऊन रडली. नापास होण्याची भीती होती म्हणून नव्हे, खोटं बोलली म्हणून.

जूनमध्ये निकाल लागला. विमल पास झाली, आणि इंग्रजीत तर तिला आमच्यापैकी कुणालाही कधी मिळाले नव्हते इतके गुण मिळाले. आतोबांनी चाळभर पेढे वाटले आणि प्रत्येक दारात, एका क्रियापदाच्या बळावर पोरगी पास झाली, असं सांगितलं. आम्ही तिघं माना खाली घालून पेढे खात होतो. मग ते पनवेलच्या भावाला तार करायला गेले. तारेचा मजकूर त्यांनी इतका एक्स्पांड केला होता, की तारबाबूनं त्यांना, आजोबा, त्यापेक्षा तुम्ही स्वतःच जाऊन या, असा सल्ला दिला. पण आतोबांनी एकही शब्द कमी केला नाही. थोरल्या भावाशी ते आयुष्यात पहिल्यांदाच इतकं बोलत होते. बिजवराचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

विमल पुण्याला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आलो, तर आतोबा नेहमीच्या वेळी आरामखुर्चीत बसलेले आणि समोर पाट मांडलेला. पाट रिकामा होता. आत्या आत होती. मला त्या रिकाम्या पाटाकडे बघवेना, म्हणून मी मुकाट्यानं त्यावर जाऊन बसलो आणि पुढचं क्रियापद कोणतं असं विचारलं.

आतोबांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "मधू, ते लेबल मी काढलं. ठाण्याला जाताना, खिशातल्या ब्लेडनं. चांगला शिंपी आहे तो."

शिवणाच्या क्लासचं तुम्हाला ठाऊक होतं का, असं मी कसंबसं विचारलं. ते हसले. 'होल्ड'च्या मास्तरांना त्यांनीच बोलावून घेतलं होतं. पानाचा डबा आणायला आत गेले होते, तेव्हा दाराआड उभे राहून त्यांनी सगळं ऐकलंही होतं. इंग्रजीचा पेपरही त्यांनी त्या मास्तरांकडून मागवून सगळा वाचला होता, आणि झाकणाचा अर्थ त्यात कुठेच नव्हता हेही त्यांना ठाऊक होतं. "'टर्न'च्या वर्षी पोरगी माझ्यामुळे गेली," ते म्हणाले. "क्रियापद सुरू झालं की मला आवरत नाही. या वयात काय सुधारणार? आणि तांदळाच्या दुकानात तिला बसवायची नव्हती."

मी विचारलं, की मग सरळ तिला मास्तरांकडे पाठवायचं होतंत. वर्षभर हे ओटीवरचं कशाला?

"तिकडे पाठवली असती, तर ती इथे कशाला बसली असती?" ते म्हणाले. "लहान होती तेव्हा सारखी बडबडायची माझ्याशी. मग मोठी झाली. एका घरात राहून मला तिचा आवाजही कधी ऐकू येईनासा झाला. एवढ्या वर्षांनी ती रोज संध्याकाळी समोर बसायला लागली. पुढे ती जाणारच होती, पुण्याला नाहीतर पनवेलला. म्हणून मी ते ताणलं, मधू. सहा महिन्यांत संपलं असतं."

मग ते कितीतरी वेळ बोलत राहिले, विमलच्या लहानपणाबद्दल, स्वतःच्या बापाबद्दल, जे ते कधी बोलले नव्हते ते सगळं. आत्या दिवा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. दुसऱ्या दिवशी कोपरचा म्हातारा आला, भाजी तोलून झाल्यावर त्यानं नेहमीची चौकशी केली आणि आतोबांनी पुन्हा मुदत मागितली. मला ते उत्तर आदल्या संध्याकाळी त्या पाटावर मिळालं होतं, पण ते द्यायचा अधिकार माझा नव्हता.

दिवाळीच्या सुटीत विमल घरी आली. फराळ झाला, आणि संध्याकाळी तिनं स्वतःच पाट आणून खुर्चीसमोर मांडला. ती म्हणाली, "नाना, माणसाचा अर्थ राहिलाय." आतोबांनी चष्मा काढून पुसला. आज थकलोय, ते म्हणाले, पुढच्या खेपेला बघू. आणि मग विचारलं, "परत कधी येणार आहेस?" विमल म्हणाली, नाताळात. नाताळात आली तेव्हा आतोबांना खोकला झाला होता. मेमध्ये पाहुणे होते. विमल शिक्षिका झाली, तिचं तिच्या मनासारखं लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि दर सुटीत ती येऊन पाटावर बसे, तोच प्रश्न विचारी, आणि आतोबा तोच अर्थ पुढच्या सुटीवर टाकून तासभर दुसरंच काही बोलत. मी तो अर्थ मागेच एका कोशात पाहिला होता. माणूस सैलावतो, संकोच सोडून मनातलं बोलू लागतो, असा काहीसा आहे. विमलकडे तर तिच्या शाळेतला भला थोरला कोश होता. तिनं तो कधी उघडला की नाही, हे मी तिला विचारलेलं नाही.

आतोबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तो अर्थ त्यांनी शेवटपर्यंत सांगितला नाही. परवा विमल भेटली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "नानांचा एक धडा राहिलाच रे." तिचे केस पिकलेत. ती हे अशा आवाजात म्हणाली, की जणू पुढच्या सुटीत जाऊन ती तो पुरा करून घेणार आहे.